डाव्या कानाची किंमत

राजारामपुरी, पाचवी गल्ली, पिठाच्या गिरणीच्या वर
माझं दुकान: 'आडवंतिडवं'.
गिरणी सुरू झाली की लिस्बनच्या बश्या
आपसांत कुजबुजतात,
आणि दुपारपर्यंत साऱ्या जगावर
ज्वारीच्या पिठाची बारीक साय.

मेक्सिकोचं पत्र्याचं काळीज आहे, ज्वाळेसकट.
ओसाकाची छत्री, मिटली की थेट वांगं.
फिनलंडचं घड्याळ, एकाच काट्याचं;
कोल्हापुरात तेवढा पुरतो.
प्रत्येकाला दोऱ्यानं बांधलेली चिठ्ठी,
चिठ्ठीवर माझं अक्षर:
कुठून आलं, कुणी केलं, कशाशी शोभेल.
कशाला लागतं, ते मी लिहीत नाही.
ते गिऱ्हाईक विचारतं.

सरनोबत वहिनी विचारतात.
दर बुधवारी, गुजरीतनं परतताना,
वस्तू उचलतात, उलटी करतात,
जणू खरं उत्तर बुडाशी छापलंय,
आणि 'बघू हं' म्हणून जिना उतरतात.
त्यांचं 'बघू हं' कधी खोटं निघालं नाही.
बघतातच.

डेन्मार्कचा कान अकरा आठवडे काचेत होता.
चिनी मातीचा, वीतभर, फुलं ठेवायचा.
शाळा सुटली की पोरं त्यात ओरडायची,
'ए, येतंय का ऐकू?'
कुणी घेईना. फुलांसाठी कान कशाला,
आणि कानाला जोडी कुठाय?

मग हिंदुराव खापणे आले.
नातीचं लग्न, 'काहीतरी येगळं' पाहिजे होतं.
जिना चढून दमले, स्टुलावर टेकले,
स्टुलानं त्यांच्याखाली एक परदेशी सुस्कारा टाकला.
त्यांचे स्वतःचे कान
आल्याच्या गड्ड्यासारखे, दुमडून मिटलेले,
गंगावेशीच्या लाल मातीत तीस वर्षं घासलेले.

'ह्यो कुनाचा?'
डेन्मार्कचा.
'तसं न्हवं. कुनाचा?'
चिठ्ठी वाचून दाखवली: इंगर नावाच्या बाईनं
नवरा झोपलेला असताना
त्याच्या कानावरून साचा घेतला.
हिंदुरावांनी तो हातात तोलला, वास घेतला.
'मातीत गेला न्हाई ह्यो गडी.'
मातीचाच आहे की, मी म्हटलं.
'मातीचा हाय. मातीतला न्हाई.'

किंमत दाखवायला मी तो परत घेतला,
आणि खाली कुणीतरी पट्टा चढवला.
गिरणी धडधडली. माझा हात.
टेबलाची कड.

वरची पाळ चेचली गेली,
एक तुकडा काळजाखाली घरंगळला.
मी गप्प. डोक्यात नुसते क्रोनर,
गुणिले बारा, अधिक जकात.
ते वाकले, गुडघे वाजले,
फुटक्या कडेवर अंगठा फिरवला,
मग तोच अंगठा स्वतःच्या डाव्या कानावर,
सावकाश.

'आता किती?'
आता कसली किंमत, काका.
'का गं? आता कुठं कान झालाय.'

पाच टक्केसुद्धा घेतले नाहीत.
'पैलवानाला सूट द्यायची न्हाई, त्यो वंगाळ सवयीला लागतो.'
थुंकी लावून नोटा मोजल्या, दोनदा.
नातीचं काय?
'हेच की. धाकटी हुती तवा
माझा कान मुठीत धरल्याबिगर झोपायची न्हाई.
ह्योच, डावा.'
कान काखेला मारून
ते जिना एकेक पायरी उतरले.
खाली गिरणीवाल्याला काहीतरी म्हणाले,
तो हसल्याचं ऐकू आलं.

तुकडा राहिला माझ्याकडे.
नखापेक्षा थोडा मोठा, आतून निळसर.
त्यालाही दोरा बांधला, चिठ्ठी लिहिली:
कुठून आलं: डेन्मार्क.
कुणी केलं: इंगरबाई, आणि खालची गिरणी.
कशाशी शोभेल, ती ओळ कोरी.

या बुधवारी सरनोबत वहिनींनी
तो उलटा केला, सुलटा केला,
कानाशी नेला.
'गिरणी ऐकू येते,' म्हणाल्या.
ती तशीही येते, मी म्हटलं.
'बघू हं.'